शिरोली ते मेडिकल डिव्हाइस: कोल्हापूरच्या इंजिनिअरसाठी प्रोजेक्ट मॅनेजर होण्याची वाट

शिरोलीत, गोकुळ शिरगावात किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तीन-चार वर्षं काढलेली मुलं-मुली भेटली की एक प्रश्न हमखास येतो: "सर, मेडिकल डिव्हाइसमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय, कुठला कोर्स करू?" कोर्सचा विषय मी मुद्दाम लेखाच्या शेवटाकडे ठेवला आहे. या क्षेत्रात प्रोजेक्ट मॅनेजर नेमताना आधी बघतात ते हे, की हा माणूस प्रत्येक निर्णयामागचा पुरावा उभा करू शकतो का. ते अंगात मुरलं की वेळापत्रक, बजेट, मीटिंगा शिकता येतात. उलट्या क्रमाने गेलेले लोक मी अडकलेले पाहिलेत. हातात प्रमाणपत्र असतं, पण डिझाइनची फाइल समोर ठेवली की कुठून वाचायला सुरुवात करावी हेच कळत नाही.

हा लेख मेकॅनिकल, प्रॉडक्शन, इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांसाठी आहे, मग ते केआयटीतून बाहेर पडलेले असोत, डी. वाय. पाटीलमधून किंवा गव्हर्न्मेंट पॉलिटेक्निकमधून. बायोमेडिकलची डिग्री नाही म्हणून मागे हटू नका. या प्रकल्पांत मशिनिंग, मोल्डिंग, सर्किट, सॉफ्टवेअर आणि पॅकिंग कळणारी माणसंच जास्त लागतात.

पहिली पायरी: काम नेमकं काय आहे ते समजून घ्या

गाडीच्या पार्टचा प्रकल्प तुम्ही पाहिलाय. तारीख, किंमत, रिजेक्शन, आणि ग्राहकाच्या माणसाचे फोन. मेडिकल डिव्हाइसमध्ये हे सगळं असतंच, शिवाय आणखी एक हिशेब सतत चालू असतो. हे उपकरण कुणाला कशी इजा करू शकेल, ती टाळायला आपण काय केलं, आणि पाच वर्षांनी एखाद्या तिऱ्हाईत ऑडिटरला ते नुसत्या फाइलवरून कळेल का?

प्रोजेक्ट मॅनेजरच्या हाताखाली बहुतेक वेळा कुणीच नसतं. आर अँड डी, क्वालिटी, रेग्युलेटरी, क्लिनिकल, मॅन्युफॅक्चरिंग, परचेस या सगळ्यांचे साहेब वेगळे. या सगळ्यांना एका तारखेवर आणि एका निर्णयावर आणायचं, निर्णय लिहून ठेवायचा आणि पुढच्या टप्प्याला जायची परवानगी मिळवायची, हे त्याचं काम. फोनाफोनी करून काम उरकून घेणारा माणूस इथे पहिल्या सहा महिन्यांतच थकतो.

यात प्रकल्पाच्या पातळीवरचा एक निर्णय किती महाग पडू शकतो ते थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या प्रकरणात दिसतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्रातून सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा प्रचंड जास्त मात्रा गेली आणि त्यातले काही दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीची मात्रा अडवणारे हार्डवेअरचे इंटरलॉक होते. नव्या मॉडेलमध्ये ते काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली गेली, आणि सुरक्षेच्या विश्लेषणात सॉफ्टवेअरमध्ये उरलेल्या चुका धरल्याच नव्हत्या. रुग्णालयांकडून तक्रारी आल्यावरही असं होणं शक्य नाही, असंच सुरुवातीला सांगितलं गेलं. हे प्रकरण सविस्तर वाचा. वाचताना प्रोग्राममधली चूक शोधण्यात वेळ घालवू नका. इंटरलॉक काढायचा निर्णय कोणत्या बैठकीत रोखता आला असता, याचा विचार करा.

दुसरी पायरी: कोल्हापुरातून काय नेताय आणि काय सोडायचंय

आपल्याकडच्या फाउंड्री आणि मशीन शॉपमधला माणूस या क्षेत्रात रिकाम्या हाताने जात नाही. कास्टिंगवर हीट नंबर का टाकतात हे तुम्हाला कुणी शिकवायला लागत नाही. एका हीटमध्ये केमिस्ट्री बिघडली तर त्या हीटचे सगळे जॉब कुठे गेले ते शोधता आलं पाहिजे. इम्प्लांटमध्ये हाच माग बारपासून थेट रुग्णापर्यंत लागतो, एवढाच फरक. पीपीएपी (नव्या पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं), कंट्रोल प्लॅन, एफएमईए (काय, कसं बिघडू शकतं याचं विश्लेषण), गेज आर अँड आर (मोजमापाच्या पद्धतीची तपासणी), प्रोसेस कॅपेबिलिटी ही सगळी तुमची शिदोरी आहे.

प्रोसेस व्हॅलिडेशन ही कल्पनाही तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल. प्रत्येक कास्टिंग कापून आत पोकळी आहे का ते बघता येत नाही, म्हणून वाळू, तापमान आणि ओतायचा वेळ आवळून धरावा लागतो. निर्जंतुकीकरणाचं आणि पाऊच सील करायचंही तसंच. पाऊच निर्जंतुक आहे का हे उघडून तपासलं की तो वापरायलाच उरत नाही. म्हणून मशीन नीट बसवलंय, ठरलेल्या मर्यादांच्या दोन्ही टोकांना ते नीट चालतं आणि रोजच्या उत्पादनातही सातत्याने तसंच चालतं, हे आधी कागदावर सिद्ध करायचं. आयक्यू, ओक्यू, पीक्यू म्हणतात ते हेच.

आता जे सोडायचं त्याबद्दल. "जरा फाइल मारली, बसला पार्ट" हे इथे चालत नाही. न लिहिलेलं रीवर्क म्हणजे नॉन-कन्फॉर्मन्स, पार्ट कितीही छान बसला तरी. रजिस्टरमध्ये चुकलं तर व्हाइटनर लावायचा नाही, गिरवायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, त्याच दिवसाची तारीख आणि कारण. मागची तारीख टाकून सही करणं तर अजिबात नाही. ही सवय आजच्या नोकरीतच लावून घ्या, त्यासाठी मेडिकल कंपनी मिळायची वाट कशाला बघायची?

एफएमईएबद्दल एक सावधगिरी. तुमचा एफएमईए पार्ट बिघडण्यापासून सुरू होतो. जोखीम व्यवस्थापनाचं मानक आयएसओ १४९७१ माणसाला होणाऱ्या इजेपासून सुरू होतं, आणि उपकरण अगदी व्यवस्थित चालू असतानाही इजा होऊ शकते हे धरून चालतं. तिथे जोखीम म्हणजे इजेची शक्यता आणि तिची तीव्रता. एफएमईएच्या आरपीएनमधला (जोखमीचा क्रमांक) डिटेक्शनचा, म्हणजे बिघाड आधी पकडला जाण्याचा, तिसरा आकडा तिथे नसतो. मुलाखतीत ऑटोमोटिव्हवाले बहुतेक इथेच घसरतात. या फरकाचं उदाहरण पुढे येतंय.

तिसरी पायरी: नियम मुळातून वाचा

यूट्यूबवरून सुरुवात करू नका. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ मुळातून वाचा. सीडीएससीओच्या, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेच्या, संकेतस्थळावर ते फुकट मिळतात. ते १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. सुरुवातीला ठरावीक उपकरणांपुरतेच होते, १ एप्रिल २०२० पासून सगळी उपकरणं त्यांच्या कक्षेत आली. परवान्याची सक्ती ए आणि बी वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून (ए मधली निर्जंतुक नसलेली आणि मोजमाप न करणारी उपकरणं त्यातून वगळली आहेत), सी आणि डी वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून. ए म्हणजे सगळ्यात कमी जोखीम, डी म्हणजे सगळ्यात जास्त. ड्रेसिंगचा कापूस ए मध्ये, थर्मामीटर आणि रक्तदाब मोजायचं यंत्र बी मध्ये, हृदयाची झडप डी मध्ये. ए आणि बी वर्गाचा उत्पादन परवाना राज्याचं प्राधिकरण देतं, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन (एफडीए). सी आणि डी वर्गाचा केंद्राकडून मिळतो. पाचव्या परिशिष्टात गुणवत्ता व्यवस्थेच्या अटी आहेत. त्या वाचल्या की आयएसओ १३४८५, म्हणजे मेडिकल डिव्हाइसच्या गुणवत्ता व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक, निम्मं वाचल्यासारखंच आहे.

त्यानंतर अमेरिकेच्या एफडीएने १९९७ साली काढलेली डिझाइन कंट्रोलवरची (डिझाइनचा प्रत्येक टप्पा तपासून नोंदवायच्या पद्धतीवरची) मार्गदर्शिका घ्या. जुनी आहे, तरी नवख्या माणसासाठी इतकं सरळ लिहिलेलं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. अमेरिकेचा नवा नियम २ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालाय आणि त्याने आयएसओ १३४८५ च्या २०१६ सालच्या आवृत्तीलाच आधार मानलंय. त्यामुळे काही शब्द बदलले, पण डिझाइन कंट्रोलचा विचार तोच राहिला. डिझाइनच्या फाइलला ऑफिसात लोक अजून डीएचएफच (डिझाइन हिस्टरी फाइल) म्हणतात. युरोपसाठी ईयू एमडीआर २०१७/७४५ आहे, ते मे २०२१ पासून लागू आहे. त्याचं आत्ता नाव माहीत असलं तरी पुरे.

वाचनाचा कंटाळा येणारच. त्यावर माझा उपाय असा: अमेरिकेच्या एफडीएच्या संकेतस्थळावर ५१०-के या प्रकारच्या मंजुऱ्यांचे सारांश सगळ्यांना खुले आहेत. तुम्हाला कळेल असं एखादं साधं उपकरण निवडा आणि त्याचा सारांश वाचा. कंपनीने आपलं उपकरण बाजारातल्या कुठल्या जुन्या उपकरणाशी ताडून बघितलं, कुठल्या चाचण्या केल्या, हे चार-पाच पानांत मिळतं. तिथेच रिकॉल आणि तक्रारींचे साठेही आहेत. त्याच प्रकारच्या उपकरणाच्या तक्रारी वाचल्या की मानकातली रूक्ष वाक्यं कुठून आली ते कळायला लागतं.

चौथी पायरी: वॉर्डात जा, आणि एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवा

उपकरण वापरात न बघता त्याचा प्रकल्प चालवणारे लोक आहेत. तुम्ही त्यांच्यातले होऊ नका. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, मोठी खासगी रुग्णालयं आहेत. ओळखीचे डॉक्टर किंवा उपकरणांची देखभाल करणारे बायोमेडिकल इंजिनिअर गाठा, रीतसर लेखी परवानगी घ्या, आणि एखादी पाळी वॉर्डात गप्प उभं राहून बघा. रुग्णांचे फोटो काढायचे नाहीत, नावं टिपायची नाहीत. सिस्टर काय करतात ते बघायचं, आणि त्यांना मोकळा वेळ असेल तेव्हाच विचारायचं.

आता उदाहरण. समजा सिस्टर म्हणाल्या, "सलाइन संपायच्या आधी मला कळलं पाहिजे, रात्री तीसेक पेशंट असतात हो." ही झाली गरज. यातून डिझाइन इनपुट लिहायचं, म्हणजे मोजता येईल असं वाक्य. नवखा इंजिनिअर लगेच लिहितो: "बाटलीत ५० मिलिलिटर उरल्यावर अलार्म वाजावा." दिसायला छान आहे. आता गणित करा. नेहमीच्या आयव्ही सेटमधून २० थेंबांना एक मिलिलिटर जातं. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचं तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. ५० मिलिलिटर म्हणजे हजार थेंब, म्हणजे सिस्टरच्या हातात २४ मिनिटं. पण मिनिटाला १०० थेंब चालू असतील तर तेच ५० मिलिलिटर दहा मिनिटांत संपतं, आणि सिस्टर तेव्हा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असू शकतात. त्यांना हवा असतो वेळ. मग इनपुट बदलतं: "मिनिटाला १० ते १०० थेंब या कुठल्याही वेगाला, बाटली संपायच्या किमान १५ मिनिटं आधी अलार्म वाजावा." १०० थेंबांच्या वेगाला याचा अर्थ ७५ मिलिलिटर उरलेलं असतानाच वाजणं.

आता जोखीम. लहान मुलांसाठी मायक्रो ड्रिप सेट असतो, त्याचे ६० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. उपकरणावर सेटचा प्रकार निवडायचं बटण आहे. साधा सेट लावलेला असताना चुकून ६० वर ठेवलं तर उपकरणाला वाटतं की खरोखर गेलं त्याच्या एक तृतीयांशच सलाइन गेलंय. बाटली रिकामी होईल तरी अलार्म वाजणार नाही. यात एकही पार्ट बिघडला नाही, सेन्सरने प्रत्येक थेंब बरोबर मोजला. डिझाइन एफएमईएत ही ओळ सहसा येत नाही. आयएसओ १४९७१ प्रमाणे विचार करणाऱ्याच्या ती लवकर लक्षात येते. उपाय काय? आधी डिझाइनच असं करायचं की चूक होऊच नये. ते जमलं नाही तर संरक्षण द्यायचं, उदाहरणार्थ बराच वेळ थेंबच पडला नाही की वेगळा अलार्म. सूचना आणि लेबल सगळ्यात शेवटी. हा क्रम मानकातच दिलाय. "मॅन्युअलमध्ये लिहून टाकू" हा सोपा मार्ग कुणी सुचवला की प्रोजेक्ट मॅनेजरने तिथेच थांबवायचं असतं.

पुढे व्हेरिफिकेशन: टेबलावर वेगवेगळ्या वेगांनी थेंब सोडून मोजणी आणि अलार्मची वेळ तपासायची, किती नगांवर तपासलं आणि तेवढेच का ते लिहायचं. वीज आणि सुरक्षेसाठी आयईसी ६०६०१-१, त्याच मालिकेतल्या ईएमसी (विद्युतचुंबकीय व्यत्यय) आणि अलार्मच्या चाचण्या. व्हॅलिडेशनचा प्रश्न वेगळा: रात्रपाळीला, पंखे चालू असताना, खऱ्या सिस्टरना तो अलार्म ऐकू येतो का आणि सेटचं बटण त्या बरोबर निवडतात का? व्हेरिफिकेशनमध्ये लिहिलेलं इनपुट पूर्ण झालं का ते बघतात, व्हॅलिडेशनमध्ये मुळातली गरज भागली का ते. शेवटी एक तक्ता करा: गरज, इनपुट, जोखीम, डिझाइनमधला उपाय, चाचणी आणि निकाल, एका ओळीत एक धागा. याला ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स म्हणतात.

असं एक उदाहरण घरी बसून, दहा-पंधरा पानांत पूर्ण करा. विषय तुमचा तुम्ही निवडा, शक्यतो वॉर्डात पाहिलेला. मी मुलाखत घेतो तेव्हा असं स्वतः केलेलं काम घेऊन आलेल्या उमेदवाराशी बोलणं पाच मिनिटांत वेगळ्याच पातळीवर जातं.

पाचवी पायरी: आत शिरायचं दार

पहिल्या झटक्यात प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेला अर्ज करू नका. डिझाइन क्वालिटी इंजिनिअर, व्ही अँड व्ही (व्हेरिफिकेशन-व्हॅलिडेशन) इंजिनिअर, सस्टेनिंग इंजिनिअर (आधीच बाजारात असलेल्या उपकरणांचं काम बघणारा), सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, प्रोसेस व्हॅलिडेशन इंजिनिअर ही पदं शोधा. माझं मत विचाराल तर व्ही अँड व्ही हे सगळ्यात चांगलं दार आहे. तिथे इनपुट चुकीचं लिहिलं की त्याचा फटका कुठे बसतो ते रोज दिसतं. मशीन शॉपवाल्यांना सप्लायर क्वालिटी सगळ्यात सोपं जातं, फक्त तिथे रमून जायचं नाही.

गाव सोडायची तयारी असेल तर आपण पुणे-बेंगळुरू महामार्गावरच राहतो. चाकणला फिलिप्सचं आरोग्य उपकरणांचं केंद्र आहे. बेंगळुरूत जीई हेल्थकेअर आणि सीमेन्स हेल्थिनिअर्स, हैदराबादला मेडट्रॉनिकचं इंजिनिअरिंग केंद्र, म्हैसूरला स्कॅनरे, वापीला मेरिल, फरिदाबादला पॉली मेडिक्युअर. याशिवाय एल अँड टी टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस, टाटा एलेक्सी यांसारख्या इंजिनिअरिंग सेवा कंपन्या परदेशी ग्राहकांसाठी मेडिकल डिव्हाइसचं काम करतात. तिथे जुन्या उपकरणांच्या फाइली नव्या नियमांप्रमाणे दुरुस्त करायची कामं असतात. काम किचकट आहे, पण दुसऱ्याची अर्धवट फाइल दुरुस्त करताना जे शिकायला मिळतं ते नवी फाइल लिहिताना मिळत नाही.

रेझ्युमे बदला. "सीएनसी विभाग सांभाळला, २० ऑपरेटर हाताखाली" यातून मेडिकलवाल्याला काही कळत नाही. तेच असं लिहा: "नव्या पार्टसाठी प्रोसेस एफएमईए आणि कंट्रोल प्लॅन तयार केला; गेज आर अँड आर करून मोजमापाची पद्धत बदलली; ग्राहकाच्या तक्रारीचं मूळ कारण शोधून केलेला उपाय टिकला का ते पुढच्या लॉटमधून तपासलं." यातली शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. कॅपाच्या (चूक सुधारायच्या आणि पुन्हा होऊ न द्यायच्या उपायांच्या) बहुतेक फाइली ऑडिटमध्ये त्याच जागी कमी पडतात. उपाय केलेला असतो, तो लागू पडला की नाही हे कुणी तपासलेलं नसतं.

सहावी पायरी: पहिली दोन-तीन वर्षं कुठली कामं मागून घ्यायची

एखादा छोटा इंजिनिअरिंग चेंज सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःकडे घ्या. सप्लायर बदलला, प्लास्टिकचा ग्रेड बदलला, लेबलवरचं चिन्ह बदललं, काहीही चालेल. चार ओळींचा वाटणारा बदल ड्रॉइंग, जोखमीची फाइल, बायोकॉम्पॅटिबिलिटी (साहित्य शरीराला सोसतं का), पॅकिंग, नोंदणी असलेल्या प्रत्येक देशाचं रेग्युलेटरी आणि गोदामातला जुना साठा अशा किती ठिकाणी पोचतो ते तिथे दिसतं. माझ्या मते प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं खरं शिक्षण इथेच होतं.

डिझाइन रिव्ह्यूची इतिवृत्तं लिहायचं काम कुणालाच नको असतं, ते तुम्ही घ्या. कोण काय बोललं ते लिहायची गरज नाही. काय ठरलं, कशाच्या आधारावर ठरलं, काय उघडं राहिलं, कुणाकडे आणि कधीपर्यंत, एवढं लिहा. रिव्ह्यूला त्या कामाशी थेट संबंध नसलेला एक तरी परीक्षक असावा, हेही विसरू नका.

आणि एखाद्या ऑडिटमध्ये मागच्या खोलीत बसा. ऑडिटर समोर जे मागतो ते मागून शोधून पाठवणारी टीम असते. एका दिवसात कळतं की कंपनीची कुठली फाइल दहा मिनिटांत सापडते आणि कुठली सापडतच नाही.

सातवी पायरी: वेळापत्रक कुठून मांडायचं

ऑटोमोटिव्हमध्ये आपण टूलिंगची तारीख धरून मागे-पुढे आखणी करतो. इथे आखणीची सुरुवात अशा चाचण्यांपासून करायची ज्या पैसे किंवा माणसं वाढवून लवकर होत नाहीत.

निर्जंतुक पाऊचमधल्या एखाद्या डिस्पोजेबलचं बघा. लेबलवर दोन वर्षांची मुदत छापायची आहे. दोन वर्षं थांबता येत नाही म्हणून एएसटीएम एफ१९८० प्रमाणे वेगाने जुनं करायची चाचणी करतात. नेहमीचं गृहीतक असं की तापमान १० अंशांनी वाढलं की जुनं होण्याचा वेग दुप्पट होतो. साठवणीचं तापमान २५ अंश आणि चेंबर ५५ अंशांवर धरलं तर फरक ३० अंशांचा, म्हणजे वेग आठपट. ७३० दिवसांसाठी ९२ दिवस चेंबर. त्यानंतर सीलची ताकद, गळती आणि उपकरणाची कामगिरी तपासायला वेगळे दिवस. शिवाय खऱ्या वेळेची चाचणी समांतर चालू ठेवायचीच.

आता मेख कुठे आहे ते बघा. चेंबरमध्ये जाणारे नग व्हॅलिडेट झालेल्या सीलिंग प्रक्रियेतूनच आले पाहिजेत, आणि निर्जंतुकीकरण होऊन आले पाहिजेत. साठाव्या दिवशी कुणी पाऊचची फिल्म बदलली तर ते साठ दिवस बहुधा गेले. म्हणून पॅकिंग हा विषय शेवटी बघू असं म्हणणाऱ्या प्रकल्पाची तारीख तिथेच तीन-चार महिन्यांनी घसरते. पॅकिंग इंजिनिअरला पहिल्या बैठकीला बोलवा.

विजेवर चालणारं उपकरण असेल तर ईएमसी चाचणीला दोन फेऱ्या धरा. पहिल्याच फेरीत पास होईल असं वेळापत्रक मी मंजूर करत नाही. क्लिनिकल अभ्यास लागणार असेल तर एथिक्स कमिटीच्या बैठकांच्या तारखा आपल्या हातात नसतात, त्या आधी विचारून घ्या. बी वर्गाच्या परवान्याआधी नोटिफाइड बॉडीचं (सरकारमान्य तपासणी संस्थेचं) ऑडिट होतं, तेव्हा कारखाना, माणसं आणि कागद तिन्ही तयार लागतात. यंत्रं यायच्या आधी अर्ज टाकून काही वेळ वाचत नाही.

आठवी पायरी: "होतंय की" म्हणणं सोडा

हे मी फार तळमळीने लिहितोय. आपल्याकडे मालकाने विचारलं, "शुक्रवारपर्यंत जॉब निघंल काय?" तर तोंडातून आपसूक येतं, "होतंय की." त्यात आपुलकी असते, जबाबदारी अंगावर घ्यायची धमकही असते, आणि खरोखर रात्र जागून आपण जॉब काढून देतो. मेडिकल डिव्हाइसमध्ये हेच उत्तर समोरच्याला अंधारात ठेवतं. चाचणी नापास झाली तर त्याच दिवशी सांगायचं, लाल रंगात दाखवायचं, आणि सोबत पर्याय ठेवायचे: हा केला तर तारीख इतकी पुढे, तो केला तर ही जोखीम उरते, माझी शिफारस अमुक. निकाल आवडला नाही म्हणून नव्या नगांवर पुन्हा चाचणी घेऊन पहिला निकाल बाजूला टाकणं ही या क्षेत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट आहे. आधी नापास का झालं त्याची चौकशी लिहा, मगच पुढे जा.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांचं लिखाण या कामात उत्तम होतं, कारण इथे छोटं, सरळ, एकच अर्थ निघणारं वाक्य लागतं. रोज एक पान लिहा: आज कुठला निर्णय झाला आणि कशामुळे. बोलण्याचा सराव मीटिंगमध्ये आपोआप होतो.

कोर्स आणि प्रमाणपत्रं

पहिल्या वर्षात आयएसओ १३४८५ चं अंतर्गत ऑडिटरचं प्रशिक्षण घ्या. कमी दिवसांचं आहे आणि लगेच उपयोगी पडतं. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पीएमपी प्रमाणपत्रासाठी पदवीधरांना प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यामुळे ते तसंही नंतरच येतं. घाईच असेल तर सीएपीएम हे सुरुवातीचं प्रमाणपत्र आहे, त्याला अनुभवाची अट नाही. आयआयटी मुंबईत २०१४ पासून बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र चालू आहे. डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरण घडवतात त्या शिबिरांवर लक्ष ठेवा. महागडे ऑनलाइन डिप्लोमे मी कुणाला सुचवत नाही.

कोल्हापुरातच राहायचं असेल तर

घरची शेती, आई-वडील, स्वतःचं वर्कशॉप, कारणं बरीच असतात आणि ती खरीच असतात. अशांसाठी सप्लायरच्या बाजूने वाट आहे. हाडांच्या स्क्रू-प्लेटा, शस्त्रक्रियेची हत्यारं, रुग्णालयातल्या यंत्रांचे मशिन केलेले भाग हे सगळं ३१६एल स्टेनलेस स्टील, टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियममध्ये आपल्या शॉपमध्ये होऊ शकणारं काम आहे. उपकरण बनवणारा ग्राहक सप्लायरकडून बहुधा आयएसओ १३४८५ मागतो. ती व्यवस्था उभी करण्याचा प्रकल्प तुम्हीच चालवा, मालकांकडून लेखी नेमणूक घेऊन. तो तुमचा पहिला पूर्ण प्रकल्प ठरेल, आणि रेझ्युमेवरही तसा लिहिता येईल.

सगळ्या शॉपला एकदम हात घालू नका. एक मशीन, एक सेल, एक पार्ट घ्या. टायटॅनियमसाठी वेगळा कूलंट आणि वेगळे ट्रे, बीड (ओतीव लोखंड) आणि एमएसचा (साधं पोलाद) चुरा त्या जागेत येणार नाही अशी आखणी, धुण्याची ठरलेली पद्धत, स्टेनलेसचं पॅसिव्हेशन (गंज धरू नये म्हणून करायची रासायनिक प्रक्रिया), प्रत्येक लॉटला बारच्या सर्टिफिकेटपासून डिस्पॅचपर्यंतचा कागद. ग्राहकाचा ऑडिटर आला की तो मशीन किती मायक्रॉन धरतं हे नंतर विचारेल. आधी चिप ट्रेकडे बोट दाखवून विचारेल की मागच्या लॉटचा एकही स्क्रू इथे राहिलेला नाही हे कसं दाखवाल. त्यासाठी लाइन क्लिअरन्सचा फॉर्म तयार ठेवा: लॉट संपल्यावर ट्रे, चक, कन्व्हेयर आणि तपासणीचं टेबल कुणी रिकामं केलं, दुसऱ्या कुणी बघून सही केली, किती नग बनले, किती गेले, किती नाकारले, आणि तिन्ही आकड्यांचा मेळ बसतो का. मेळ बसत नसेल तर पुढचा लॉट सुरू करायचा नाही, ग्राहकाचा ट्रक दारात उभा असला तरी.